मुदती हुंडी आणि परदेशी पदवी

व्यापारी पेढ्यांवर हुंडीचा व्यवहार चालत असे, त्या काळी तिचे दोन मुख्य प्रकार घरातल्या मुलांनाही ठाऊक असत. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यावे लागत. मुदती हुंडीचे पैसे ठरलेले दिवस भरल्यावर मिळत. मुदती हुंडी हाती आली की जाणता मुनीम चार गोष्टी पाही. मुदत किती, ती कोणत्या दिवसापासून धरायची, हुंडी सकारणारा कोण, आणि त्याने ती सकारली नाही तर पुढे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तो त्या हुंडीच्या भरवशावर नवा माल उचलू देत नसे.

हुंड्यांचे दिवस सरले. परंतु व्यापारी घरांत आता एक नवा मुदती कागद येऊ लागला आहे. परदेशी विद्यापीठाची पदवी मिळाल्यावर त्याच देशात काही काळ राहून काम करण्याची परवानगी, म्हणजे शिक्षणोत्तर कामाचा व्हिसा, हा तो कागद होय. मुलाला किंवा मुलीला इंग्लंडला पाठवताना ‘शिक्षण एक वर्षाचे, पुढे दोन वर्षे नोकरी, त्यात कर्ज फिटेल’ असे गणित कितीतरी घरांत मांडले जाते. मालाच्या सौद्यात पै-पैचा हिशेब पाहणारी माणसे या सौद्यात मात्र मुनिमाचे चार प्रश्न विचारायचे विसरतात.

असे एक घर कल्पनेत आणावे. सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्यांचे हळदीचे अडत दुकान. थोरल्या मुलाची मुलगी २०२५ च्या सप्टेंबरात लेस्टर शहरी पुरवठा-साखळी व्यवस्थापनाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेली. शुल्क, राहणे, प्रवास आणि व्हिसा मिळून ३४ लाख रुपये लागले. त्यांपैकी २० लाख बँकेचे शैक्षणिक कर्ज. धाकट्या मुलाचा मुलगा तिच्याच वाटेने २०२६ च्या सप्टेंबरात निघायचा आहे आणि एजंटाने आगाऊ रक्कम भरण्याची घाई चालवली आहे. हळदीचे सौदे ओसरल्यावर उन्हाळ्यातल्या एका रविवारी सगळे घर माडीवर जमले. फोन मध्यभागी ठेवला. पलीकडे नात होती.

तिच्या वडिलांनी कागदावर मांडलेला हिशेब वाचून दाखवला. दोन वर्षे, दरमहा एक हजार पौंड शिल्लक, म्हणजे २४ हजार पौंड. कर्ज फिटून वर दुकानाला भांडवल. आजोबांनी चष्मा पुसला आणि विचारले, “हे पैसे तू जमा धरलेस, ते कोणाच्या भरवशावर?”

“सरकारच देतं ना अण्णा, दोन वर्षं.”

“सरकार मुदत देतं. पैसे कोण देणार?”

फोनच्या पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. मग नात म्हणाली, “आजोबा, मला तेच सांगायचं होतं. धीर होत नव्हता.”

मुदत किती?

ब्रिटनमध्ये ही मुदत कधीच स्थिर राहिलेली नाही. २००८ मध्ये तेथे पदवीधरांना दोन वर्षे राहून काम करण्याची मुभा देणारा व्हिसा सुरू झाला. थेरेसा मे गृहमंत्री असताना तो बंद करण्याचे ठरले आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये तो बंद झाला. त्यानंतर अभ्यासक्रम संपल्यावर उरणाऱ्या चार-एक महिन्यांतच नोकरी देणारा आणि व्हिसाची जबाबदारी घेणारा मालक शोधावा लागे. याचा परिणाम आकड्यांत उमटला. २०१०-११ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांत सुमारे ३९ हजार भारतीय विद्यार्थी होते. २०१६-१७ मध्ये ते १७ हजारांच्या आत आले.

२०१९ च्या सप्टेंबरात ब्रिटिश सरकारने ही सोय परत आणण्याची घोषणा केली आणि १ जुलै २०२१ पासून ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने ती सुरू झाली. पदवी आणि पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षे, पीएच.डी.नंतर तीन वर्षे. लोंढा पुन्हा वळला. २०२२ च्या सप्टेंबरअखेर संपलेल्या वर्षात सव्वा लाखाहून अधिक भारतीयांना ब्रिटनचा विद्यार्थी-व्हिसा मिळाला आणि भारताने चीनला मागे टाकले. २०२३ मध्ये १ लाख १४ हजार मूळ अर्जदारांना ग्रॅज्युएट रूटचा व्हिसा मिळाला; त्यांत ४० टक्क्यांहून अधिक भारतीय होते.

एवढी गर्दी झाल्यावर तेथील राजकारणात प्रश्न उठणे अटळ होते. २०२४ च्या मे महिन्यात प्राध्यापक ब्रायन बेल यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी सल्लागार समितीने हा मार्ग तपासला. व्यापक गैरवापर आढळत नाही, तो चालू ठेवावा, असे तिने सांगितले. मात्र विद्यार्थी गोळा करणाऱ्या काही एजंटांच्या दिशाभूल करणाऱ्या प्रचारावर तिने बोट ठेवले आणि अशा एजंटांची नोंदणी सक्तीची करण्याची शिफारस केली. पुढच्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, नव्या सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि मुदत कमी करण्याचे ठरवले. १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळतील, पीएच.डी.धारकांची तीन वर्षे कायम राहतील.

म्हणजे वीस वर्षांच्या आत हे दार उघडले, बंद झाले, पुन्हा उघडले आणि आता थोडे ओढून घेतले गेले आहे. इतर देशांतही दार एका जागी नाही. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिने आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळतात. पण पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि पुढचा एच-१बी व्हिसा वर्षाला ८५ हजारांच्या मर्यादेत, सोडतीने. कॅनडात असा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा आणि आयुष्यात एकदाच. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या जुलैपासून बहुतेक अर्जदारांसाठी वयोमर्यादा ५० वरून ३५ वर आणली. कोणत्याही देशाने विद्यार्थी निघाला त्या दिवशीचा नियम तो पदवीधर होईपर्यंत टिकेल असे वचन दिलेले नाही.

कोणत्या दिवसापासून?

सांगलीच्या त्या माडीवर हा प्रश्न धाकट्या काकांनी विचारला, कारण त्यांच्या मुलाचा प्रश्न त्यात अडकला होता. एजंटाने त्यांना ‘दोन वर्षे पक्की’ असे सांगितले होते.

येथे मोजला जातो तो अर्जाचा दिवस, प्रवेशाचा नव्हे. नात २०२५ मध्ये गेली. तिचा प्रबंध सप्टेंबरात सादर होईल आणि निकाल नोव्हेंबरच्या सुमारास लागेल. अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्याशिवाय तिला अर्ज करता येत नाही. तिने ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज केला तर दोन वर्षे. विद्यार्थी-व्हिसा जानेवारीपर्यंत आहे म्हणून निवांत राहून नव्या वर्षात केला तर १८ महिने. मध्ये नाताळाची सुट्टी, विद्यापीठाचे कार्यालय बंद. निकाल आणि वर्षअखेर यांच्यामधल्या थोड्या दिवसांच्या फटीत तिची सहा महिन्यांची मुदत अडकलेली आहे. चुलतभावाला मात्र ती फटही नाही. तो २०२६ मध्ये गेला तर २०२७ मध्ये पदवीधर होईल आणि त्याच्या वाट्याला १८ महिनेच येतील.

दुसरी बाब अशी, की व्हिसा मंजूर झाला त्या दिवसापासून मुदत चालू होते. नोकरी मिळाल्याच्या दिवसाशी तिचा संबंध नाही. नोकरी शोधण्यात गेलेला प्रत्येक महिना मुदतीतूनच वजा होतो. ही मुदत वाढवूनही मिळत नाही.

आजींना वेगळेच विचारायचे होते. “दिवाळीला येशील ना गं? यंदा तरी?”

या साध्या प्रश्नालाही नियमाचे उत्तर आहे. हा अर्ज ब्रिटनमध्ये राहूनच करावा लागतो, आणि अर्ज केल्यानंतर निर्णय येण्याआधी देशाबाहेर पाऊल टाकले तर तो मागे घेतला असे समजले जाते. भरलेला अर्ज मागे ठेवून घरच्या लग्नाला धावून आलेल्या मुलाची दोन वर्षे त्या एका विमानप्रवासात जाऊ शकतात. तेव्हा घरी यायचे ते अर्जाआधी, किंवा निर्णय हाती आल्यावर. घरातल्या कार्यांच्या तारखा काढताना हे ध्यानी ठेवावे लागते.

पैशाचेही तसेच. अर्जाचे शुल्क २०२५ च्या एप्रिलमध्ये ८८० पौंड झाले. त्याखेरीज आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, दोन वर्षांचा एकदम. मिळून जवळपास तीन हजार पौंड, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या आसपास, आणि तेही पहिला पगार हाती येण्याआधी. वडिलांच्या कागदावर ही रक्कम कोठेच नव्हती.

सकारणारा कोण?

या मुदतीत पदवीधराला कोणतेही कायदेशीर काम करता येते, एवढे स्वातंत्र्य खरे आहे. व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. बाकी मालकाच्या प्रायोजकत्वाची गरज नाही, किमान पगाराची अट नाही, स्वतःचा धंदाही करता येतो. विद्यार्थी-व्हिसावर मात्र धंद्याला बंदी आहे. मैत्रिणींना पैसे घेऊन डबे पुरवणे हासुद्धा त्यात नियमभंगच. व्यापारी घरातल्या मुलांना हा फरक विशेष समजून घ्यावा लागतो, कारण चार गिऱ्हाईके जमली की विकायला बसणे हा त्यांचा स्वभावच असतो.

परंतु मुदतीनंतर तेथे राहायचे असेल तर बहुतेकांपुढे एकच रस्ता उरतो, तो कुशल कामगार व्हिसाचा. तो सकारणारा मालक असतो, आणि कोणताही मालक चालत नाही. गृहखात्याचा परवाना असलेल्या मालकांची यादी सरकार प्रसिद्ध करते. त्या यादीतलाच हवा. त्यासाठी मालकाला शुल्क भरावे लागते आणि नोंदी ठेवाव्या लागतात. लहान कंपन्या या फंदात सहसा पडत नाहीत.

पगाराची पायरीही चढत गेली आहे. २०२४ च्या एप्रिलपर्यंत सर्वसाधारण किमान पगार वर्षाला २६,२०० पौंड होता. तो एकदम ३८,७०० झाला आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७००. नव्याने कामाला लागणाऱ्या पदवीधरांना सवलतीने ३३,४०० पौंडांवर, किंवा त्या कामाचा ठरीव दर जास्त असेल तर त्यानुसार, व्हिसा मिळू शकतो. पण ही सवलत एकूण चार वर्षांची, आणि ग्रॅज्युएट रूटवर घालवलेला काळही त्या चार वर्षांतच मोजला जातो. शिवाय ते काम पदवीधराच्या दर्जाचे असावे लागते.

आता दुसरा आकडा शेजारी ठेवावा. २०२६ च्या एप्रिलपासून ब्रिटनमध्ये २१ वर्षांपुढील कामगाराचे किमान वेतन ताशी १२ पौंड ७१ पेन्स आहे. गोदामात किंवा दुकानात आठवड्याला साडेसदतीस तास, बारा महिने काम केले तर वर्षाला सुमारे २४,८०० पौंड होतात. या पगारात पोट भरते, थोडे मागेही पडते. परंतु ३३,४०० ची पायरी त्यातून चढता येत नाही. दोन वर्षे गोदामात राबलेला पदवीधर मुदतीच्या शेवटी तेथेच उभा असतो जेथे तो पहिल्या दिवशी होता.

नातीने त्या दिवशी जे सांगितले ते हेच होते. आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत ती एका गोदामात मालाची बांधाबांध करीत होती. त्याचबरोबर तिने साठ कंपन्यांना अर्ज पाठवले होते. बहुतेक अर्जांच्या नमुन्यात एक रकाना होता : आज ना उद्या प्रायोजकत्व लागेल काय? त्यावर खूण केली की पुढे उत्तर येत नसे. “घरी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मीच कमी पडले,” ती म्हणाली. तिची आई उठून गॅलरीत गेली.

मुदत सरत आली की याच ठिकाणी मोह उभा राहतो. पैसे घेऊन नोकरीचे आणि प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र मिळवून देतो, असे सांगणारे लोक भेटतात. व्यापारी घरात रक्कम उभी करणे अशक्य नसते, आणि ‘एवढे खर्च केले, आणखी थोडे’ हा विचार ओळखीचा असतो. परंतु प्रमाणपत्राचे शुल्क कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई आहे. जी नोकरी प्रत्यक्षात नाहीच तिचा कागद हा खोटा कागद आहे. मालकाचा परवाना रद्द झाला की कामगाराच्या व्हिसाची मुदत सामान्यतः ६० दिवसांवर येते. दिलेले पैसे परत मागायला तो कोणाच्या दारी जाणार? ज्या पेढीने खोटी पावती कधी फाडली नाही, तिच्या नातवंडाने असा कागद विकत घ्यावा काय, हा प्रश्न नियमांच्याही आधीचा आहे.

धंद्याच्या वाटेचेही खरे रूप पाहिले पाहिजे. ग्रॅज्युएट रूटवर असताना करखात्याकडे नोंद करून सांगलीची हळद लेस्टरच्या दुकानांत विकता येते. परंतु त्या धंद्याच्या बळावर मुदत वाढत नाही. उद्योजकांसाठी वेगळा व्हिसा आहे. त्याला मान्यताप्राप्त संस्थेची शिफारस लागते आणि कल्पना नवी, टिकाऊ व वाढू शकणारी असावी लागते. मसाल्याची साधी आयात त्यात सहसा बसत नाही.

एक गोष्ट लग्नाची बोलणी करणाऱ्यांसाठीही आहे. विवाहेच्छूंच्या परिचयपत्रात ‘यूके वर्क व्हिसा’ हे शब्द वजनदार दिसतात. पण विद्यार्थी असताना जो जोडीदार अवलंबित म्हणून नोंदलेला नव्हता, त्याला ग्रॅज्युएट रूटवर नव्याने नेता येत नाही. आणि २०२४ च्या जानेवारीपासून सुरू झालेल्या नेहमीच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना जोडीदार नेण्याची मुभाच उरलेली नाही. तेव्हा या मुदतीत लग्न झाले तर नवरा एका देशी आणि बायको दुसऱ्या देशी, असा संसार मांडावा लागेल. हे बोलणीच्या वेळीच सांगितलेले बरे.

‘पण आपली इतकी माणसे तेथे स्थिरावली आहेत,’ असे घरोघर म्हटले जाते. ते खोटे नाही. लेस्टरच्या जैन मंदिराची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली; तो समाज तेथे भक्कम उभा आहे. परंतु त्यांतील पुष्कळ कुटुंबे पूर्व आफ्रिकेतून गेलेली आहेत. केनियातून ती १९६० च्या दशकाअखेर बाहेर पडली, युगांडातून १९७२ मध्ये इदी अमीनने घालवून दिल्यावर. त्यांतील अनेकांच्या हाती ब्रिटिश पारपत्रे होती. त्यांनी सर्वस्व गमावून नवा संसार उभा केला हे थोर आहे. पण त्यांना मुदतीचा कागद मोजत बसावे लागले नव्हते. त्यांच्या बंगल्याकडे पाहून आजच्या विद्यार्थ्याचा हिशेब मांडणे म्हणजे एका पेढीची पत दुसऱ्या पेढीच्या वहीत लिहिणे होय.

न सकारल्यास पुढे काय?

जुन्या व्यवहारात हुंडीबरोबर कधी कधी ‘जिकरी चिठ्ठी’ दिली जाई. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने ती सकारली नाही, तर त्याच गावातल्या दुसऱ्या भरवशाच्या गृहस्थाने पैसे द्यावेत, अशी विनंती तीत असे. हुंडीवाल्याची अब्रू आणि हुंडी धरणाऱ्याचे पैसे, दोन्ही त्या चिठ्ठीने राखले जात.

शिक्षणोत्तर व्हिसावर जाणाऱ्या मुलांजवळ अशी चिठ्ठी असते काय? पुष्कळांजवळ नसते. कर्जाचा हप्ता परदेशी पगारावर बेतलेला असतो, नातेवाइकांत ‘मुलगी तिकडेच असते’ असे सांगून झालेले असते, आणि दुकानात तिच्यासाठी जागा ठेवलेली नसते. मग मुदत संपत आली की परतीचा रस्ता हा हरल्याचा रस्ता वाटू लागतो. खोट्या कागदांचे गिऱ्हाईक याच भीतीतून तयार होते.

सांगलीच्या घराने त्या रविवारी तीन गोष्टी ठरवल्या. पहिली कर्जाची. अभ्यासक्रम संपल्यावर काही काळाने हप्ते सुरू होतील. व्याज मात्र आधीपासूनच साचत असते. ते हप्ते दुकानाच्या उत्पन्नातून भरायचे असे धरून नवा हिशेब मांडला. नातीने तेथे काही कमावले तर ते वरचे. यासाठी दुकानाची नवी गाडी दोन वर्षे पुढे ढकलावी लागली. काकांना ते रुचले नाही, पण त्यांनी मान हलवली.

दुसरी गोष्ट वेळेची. व्हिसा मिळाल्यापासून पहिले सहा महिने तिने फक्त परवानाधारक कंपन्यांतील, पदवीच्या दर्जाची नोकरी शोधायची. गोदामातले काम पोटापुरते. बारा महिने झाले की घराने पुन्हा असेच बसायचे. तोवर सकारणारा मिळाला नसेल तर उरलेले महिने तेथील बाजार शिकण्यात घालवायचे आणि मुदतीच्या आत, ताठ मानेने परतायचे. परतल्यावर सगळी दारे बंद होतात असेही नाही. भारत आणि ब्रिटन यांच्या करारातून १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयांसाठी दर वर्षी सोडतीने ३,००० जागांची दोन वर्षांची स्वतंत्र योजना २०२३ पासून चालू आहे. सोडत ही सोडतच. तिच्यावर हिशेब बांधायचा नसतो, पण ती माहीत असावी.

तिसरी गोष्ट चुलतभावाची होती. त्याला अन्नप्रक्रिया शिकायची होती. आजोबांनी त्याला जवळ बसवून विचारले, “समज, शिक्षण संपल्यावर एक दिवसही तिकडे राहायला मिळालं नाही. तरी हेच शिकायला जाशील का?”

तो लगेच बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, “हेच शिकेन आजोबा. पण मग तिथंच जायला हवं असं नाही. मी नीट बघितलंच नाही अजून.”

“मग आधी बघ. एक हंगाम माझ्याबरोबर सौद्याला ये. पैसे कुठं पळत नाहीत.”

या एका प्रश्नात सगळ्या हिशेबाचे सार आहे. शिक्षणोत्तर व्हिसाची मुदत शून्य धरली तरी जे शिक्षण घेण्याजोगे वाटते, त्यासाठी कर्ज काढण्यात धोका कमी. मुदत वजा केली की ज्या पदवीत काही उरत नाही, ती पदवी नसून महागडे तिकीट आहे. आणि ते तिकीट काढून देणाऱ्या एजंटाला पुष्कळदा विद्यापीठाकडूनच प्रत्येक प्रवेशामागे दलाली मिळते. दलाली घेणाऱ्याचे मत कसे ऐकावे हे अडत्याच्या घराला कोणी शिकवायला नको.

फोन ठेवण्याआधी नातीने आणखी एक गोष्ट सांगितली. अभ्यासक्रमाच्या प्रबंधासाठी तिने मसाल्यांच्या आयातीचा विषय घेतला होता. लेस्टरमधील दोन दुकानदारांनी तिला सांगितले, की हळदीच्या प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचे कागद मिळाले तर ते भाव वाढवून देतील. पण भारतातून माल पाठवणारे ते वेळेवर पाठवत नाहीत. “आपल्याकडे हे कोण बघतं, आजोबा?”

“कोणी बघत नाही,” आजोबा म्हणाले. “ती जागा रिकामीच आहे.”

तिकडे राहीन किंवा परत येईन, असे ती त्या दिवशी काहीच बोलली नाही. घरानेही विचारले नाही. वडिलांनी कागदावरची २४ हजार पौंडांची ओळ खोडली. काका एजंटाला फोन लावायला खाली उतरले. आजोबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे डिसेंबरचे पान उलटून ३१ तारखेभोवती शाईने गोल काढला, आणि आजी फोनजवळ सरकून विचारू लागल्या, की तिकडे हिवाळ्यात चार वाजताच दिवस मावळतो म्हणतात, तर मग जेवतेस कधी.